ऊन माथ्यावर, बिऱ्हाड गाडीवर

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात बिऱ्हाडे हलण्याचा एक ठरलेला हंगाम आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी लागते. सरकारी बदल्यांचे हुकूम मे-जूनच्या सुमारास हातात पडतात. पुण्यात किंवा बंगळूरला नोकरी लागलेला मुलगा पावसाआधी आईवडिलांना घेऊन जायचे म्हणतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातली कुटुंबेही मुलांचे शाळेचे वर्ष संपले की सामान बांधायला घेतात. वर्षातले सगळ्यांत कडक उन्हाचे आठवडे आणि घर हलवण्याचे आठवडे इथे एकच असतात.

पूर्वी याचे फारसे बिघडत नसे. पितळेची भांडी, लाकडी कपाट, गाद्या, ट्रंका, देव्हारा या सामानाला ऊन लागले काय आणि न लागले काय. आता त्याच टेम्पोत भिंतीवरचा टीव्ही असतो, दोन लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, राउटर, मुलांचे टॅब, जुन्या फोटोंनी भरलेली हार्ड डिस्क. घरातली सगळ्यांत महागडी वस्तू बहुधा यातलीच असते, आणि पैशाने परत न मिळणारी वस्तू तर नक्कीच. हादऱ्यांची काळजी लोक आपणहून घेतात; काच फुटेल हे डोळ्यांना दिसते. उष्णतेची काळजी कोणी घेत नाही, कारण तिने केलेले नुकसान उतरवताना दिसत नाही. ते सहा महिन्यांनी दिसते, आणि तोवर दोष वस्तूवर गेलेला असतो.

उष्णतेचा धोका रस्त्याच्या लांबीवर फारसा अवलंबून नाही, आणि या प्रकरणाचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे. बेळगावहून पुणे सुमारे ३४० किलोमीटर आहे. धावणाऱ्या गाडीत हवा खेळती असते आणि सामान निभावते. घात होतो तो थांबलेल्या गाडीत. भरून दारात उभी असलेली गाडी, दुपारच्या जेवणाला धाब्यावर लावलेली गाडी, सोसायटीच्या फाटकाबाहेर परवानगीची वाट पाहणारी गाडी. त्यामुळे बचाव महागड्या खोक्यांत नाही. घड्याळात आहे आणि हौद्यातल्या जागेत आहे.

आधी ऊन कुठून येते ते पाहू. बेळगाव १६ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे, निपाणी किंचित वर. उत्तरेकडे सरकणारा सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यात या दोन्ही गावांच्या बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी उभ्या खांबाची सावली पायातच पडते. शून्य सावलीचा हाच दिवस पुण्यात १३-१४ मेच्या आसपास येतो. म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तरेकडे निघालेले बिऱ्हाड सूर्याच्या बरोबरीने चाललेले असते. भर दुपारी ऊन गाडीच्या बाजूंना फारसे लागत नाही, सरळ टपावर पडते. स्वच्छ आकाश असेल तर दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट इतकी सौरऊर्जा जमिनीवर पोचते. चौदा फुटी आयशरच्या हौद्याचा माथा साडेसात-आठ चौरस मीटर भरतो. त्यावर भर दुपारी सात-आठ किलोवॅट उष्णता ओतली जात असते. माथा गडद रंगाचा असेल तर यातला बहुतेक भाग तो शोषून घेतो, पांढरा असेल तर बराचसा परतवतो. गडद पत्रा किंवा ताडपत्री साठ अंशांच्या पुढे सहज जाते, आणि तिच्या लगत, वरच्या थरात, हवाही कोंडून तापत राहते. गरम हवा वर राहते, त्यामुळे हौद्याच्या तळाशी आणि माथ्याशी तापमानात मोठा फरक पडतो.

बेळगावकर इथे हमखास फसतात. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरचे हे गाव. गरिबांचे महाबळेश्वर असे त्याला म्हणत आले. एप्रिल-मेमध्येही कमाल तापमान सरासरी पस्तीस अंशांच्या आसपास असते आणि संध्याकाळी वारा सुटतो. इथे कसले ऊन, असे वाटते. पण पस्तीस अंश हे सावलीतल्या हवेचे तापमान आहे, बंद गाडीतले नव्हे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत बाहेर २२ ते ३६ अंश असताना उन्हातल्या बंद मोटारीचे तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढले, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवून काही विशेष फरक पडला नाही. २०१८ मध्ये अॅरिझोनातल्या कडक उन्हाळ्यात केलेल्या मोजणीत उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या मोटारींचा आतला भाग सरासरी ४७ अंशांवर गेला, तर डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीतल्या मोटारींत हेच आकडे ३८ आणि ४८ होते. सावलीने डॅशबोर्डवर एकवीस अंशांचा फरक पडला.

आता या आकड्यांसमोर वस्तूंच्या मर्यादा ठेवू. आयफोन वापरण्यासाठी कंपनीने ठरवलेली कमाल हवा ३५ अंशांची आहे, आणि बंद करून ठेवण्यासाठी ४५ अंशांची. मॅकबुकचेही तेच. बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचे असतात. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क बंद असताना सत्तर अंशांपर्यंत तग धरते, म्हणजे ती या घरातली सगळ्यांत सोशिक सदस्य. तिला भीती हादऱ्यांची. लिथियम-आयन बॅटरीचे सेल चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४५ अंश असते. डॅशबोर्डवर ठेवून, चार्जर लावून, नकाशा चालू असलेला फोन कागलच्या पुढे आपोआप बंद पडतो किंवा चार्ज घ्यायचे थांबवतो, तो बिघडलेला नसतो. स्वतःला वाचवत असतो. त्याला सावलीत घ्यावे, चार्जर काढावा, कव्हर काढावे. फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीवर मात्र मुळीच ठेवू नये. थंड झालेल्या फोनवर बाहेरच्या दमट हवेतले पाणी धरते, आणि ते कधी कधी आतही धरते.

उष्णता वस्तूचे नेमके करते काय? दोन वेगळ्या गोष्टी करते आणि त्यांची गल्लत होते. पहिली म्हणजे मऊ करते. पडद्याच्या कडा धरून ठेवणारा गोंद, चिकटपट्ट्या, प्लास्टिकचे पातळ सांगाडे, ग्रामोफोनच्या तबकड्या या पन्नास-साठ अंशांच्या पुढे ढिल्या पडू लागतात, आणि त्या वेळी त्यांच्यावर वजन असेल तर वाकलेल्याच थंड होतात. हे नुकसान एका दुपारीत होते. दुसरी गोष्ट म्हणजे उष्णता वस्तूला म्हातारी करते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्टे अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचे नाते सूत्रात मांडले. त्यावरून अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: दर दहा अंशांच्या वाढीला क्रियेचा वेग दुप्पट. टीव्हीच्या आणि इन्व्हर्टरच्या पाटीवर ज्या छोट्या नळकांड्या दिसतात, त्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य याच नियमाने मोजतात.

या नियमाने हिशेब केला तर एक दिलासा मिळतो आणि एक इशाराही. साठ अंशांवर आठ तास काढणे म्हणजे तीस अंशांवर चौसष्ट तास काढणे. अडीच-पावणेतीन दिवसांचे वय एका दिवसात वाढले. एवढ्याने कोणताही चांगला टीव्ही मरत नाही. पण नव्या घराचा ताबा मिळायला उशीर झाला म्हणून सामान महिना-दीड महिना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले, आणि तिथे रोज दहा तास पन्नास अंश असले, तर मात्र वय भराभर चढते. घर बदलताना लोक प्रवासाची चिंता करतात आणि पत्र्याच्या गोदामाची करत नाहीत. माझ्या मते चिंतेचा क्रम उलटा हवा. सामान ठेवायची वेळ आलीच, तर पत्र्याखालच्या ऐसपैस जागेपेक्षा स्लॅबच्या घरातली, तळमजल्यावरची, उत्तरेकडची एक छोटी खोली मागून घ्यावी. बेळगावात अशी खोली देणारे नातेवाईक अजून सापडतात.

बॅटरीला हा नियम सगळ्यांत जास्त लागू पडतो, आणि तिथे आपल्या हातात एक बिनपैशाचा उपाय आहे. कोबाल्टवर आधारलेल्या लिथियम-आयन सेलचे तंत्रज्ञांमध्ये रूढ असलेले आकडे असे: पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांवर वर्षभर पडून राहिली तर तिची क्षमता सुमारे ६५ टक्क्यांवर येते; तीच चाळीस टक्के भरून ठेवली तर ८५ टक्के शिल्लक राहते. ६० अंशांवर पूर्ण भरलेली बॅटरी तीन महिन्यांतच ६० टक्क्यांवर येते. भरलेपणा आणि उष्णता एकत्र आली की बॅटरीचा सगळ्यांत जास्त ऱ्हास होतो. आपण मात्र निघण्याच्या आदल्या रात्री काय करतो? लॅपटॉप, टॅब, पॉवर बँक सगळे शंभर टक्के भरून बॅगेत घालतो. हातात वापरायचा फोन भरलेला हवा, हे ठीक. जे सामानात जाणार आहे ते निम्म्याच्या आसपास ठेवावे आणि पूर्ण बंद करावे. झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप बंद झाला असे नाही. बॅगेत तो मधेच जागा झाला तर स्वतःच्याच उष्णतेने भाजत राहतो.

उन्हाने बॅटरी पेटेल का, हा प्रश्न २०२२ पासून लोक विचारतात. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली, त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. धडधाकट सेल पन्नास-साठ अंशांना पेटत नाही; आतल्या थरांची मोडतोड साधारण ऐंशी अंशांच्या पुढे सुरू होते. पण फुगलेला, पडून दबलेला किंवा पाणी गेलेला सेल धडधाकट नसतो. जुन्या फोनची फुगलेली बॅटरी, ढोलासारखी झालेली पॉवर बँक असल्या वस्तू गाद्यांच्या मध्ये घालून नेऊ नयेत. त्या निघण्याआधीच ई-कचरा घेणाऱ्याकडे द्याव्यात. सांबऱ्याच्या विमानतळावरून जाणाऱ्यांना पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, तीही याच कारणाने: पेटली तर कोणाला तरी दिसली पाहिजे.

इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीची गोष्ट वेगळी. तिला अर्धी ठेवू नये. ती भरलेलीच न्यावी, आणि उभी न्यावी. तिची टोके उघडी ठेवू नयेत, बाकीच्या यंत्रांना खेटून ठेवू नये. पोचल्यावर पाण्याची पातळी पाहावी.

आता गाडी भरण्याकडे येऊ. निपाणीचा तंबाखू हाताळणाऱ्यांना ऊन आणि वेळ यांचे नाते शिकवावे लागत नाही. सुकलेले पान भर दुपारी हाताळले तर चुरा होतो. दवाने नरम असताना, पहाटे, ते निमूट हाताला येते. त्याच पानाला, त्याच हाताने, वेळ बदलली की वेगळा निकाल मिळतो. विजेच्या यंत्रांनाही हीच शिस्त लावावी. ती पहाटे गार असताना बांधावीत आणि सावलीच्या खोलीत ठेवावीत. हमाल बाकीचे सामान भरेपर्यंत अंगणात किंवा टेम्पोत ती जाऊ देऊ नयेत.

पण शेवटी भरलेले सामान फाळक्याशी आणि वर जाते, म्हणजे नेमके सगळ्यांत गरम जागी. म्हणून हमालांना सुरुवातीलाच सांगावे लागते की मधली जागा राखून ठेवा. हौद्याच्या मधोमध, खालून दुसऱ्या थरात, चारही बाजूंनी गाद्या, पुस्तके आणि कपड्यांची बोचकी, वर पुन्हा गादी. केबिनच्या मागची भिंत इंजिनाने तापते, बाजूच्या भिंती उन्हाने, माथा तर तापतोच. मधली जागा या सगळ्यांपासून लांब. फ्रिज, टीव्ही आधी आणि गाद्या शेवटी अशी इथली भरण्याची सवय असते, कारण गाद्या वर टाकून दोर आवळला की भार बसतो. ती सवय टीव्हीच्या बाबतीत चांगलीच आहे: त्याच्या मूळ खोक्यात, थर्माकोलसह, उभा, दोन गाद्यांच्या मध्ये.

गाद्या-गोधड्यांचे हे आवरण खरोखर काय करते याचा एक अंदाज बांधता येतो. कापसाची गादी उष्णतेला चांगला अडथळा करते. तिची वाहकता थर्माकोलच्या जवळपास असते. समजा, वीस किलो कपडे आणि पुस्तके भरलेल्या खोक्याच्या पोटात लॅपटॉप आहे आणि खोक्याभोवती दोन इंच जाडीची गोधडी आहे. सकाळी आत २५ अंश आहेत आणि बाहेर हौद्यात चार तास ५० अंश राहिले. या वजनाला आणि या आवरणाला उष्णता शिरायला इतका वेळ लागतो की चार तासांनी आतले तापमान ३४-३५ अंशांच्या आसपासच असते. तोच लॅपटॉप नुसत्या बॅगेत वरच्या थरावर असेल तर दीड-दोन तासांत तो हौद्याइतकाच तापतो. गोधडी गारवा निर्माण करत नाही. ती फक्त दुपार लांबवते, आणि लांबवता लांबवता संध्याकाळ होते. बचाव इतकाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

हाच गुण उलटही फिरतो. तापलेली वस्तू गोधडीत बांधली तर ती रात्रभर तापलेलीच राहते. म्हणून दुपारी दोनला घाईने बांधलेल्या सामानाला हा उपाय लागू नाही. आणि चालू असलेले काहीही, अगदी बॅटरीवरचा छोटा कॅमेराही, गोधडीत गुंडाळायचे नाही.

बाहेरच्या ताडपत्रीचा रंगही पाहावा. काळी किंवा गडद निळी असेल तर तिच्यावर चंदेरी किंवा पांढरी दुसरी ताडपत्री घालायला सांगावे, आणि दोन्हींच्या मध्ये हवा खेळेल अशी फट ठेवावी. वळवाचा पाऊस याच दिवसांत, बहुधा दुपारनंतरच, आडवा येतो. तवंदीच्या घाटात उन्हात शिरलेली गाडी घाट संपेपर्यंत भिजलेली असू शकते. त्यामुळे प्रत्येक यंत्राला आतून एक पाणी न शिरणारे प्लास्टिक हवेच. या प्लास्टिकचे दुसरे, मोठे काम पुढे येते.

सैनिकांच्या घरातून एक खास वस्तू निघते: काळी लोखंडी ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव घातलेली. हादऱ्यांपासून आणि चोरांपासून तिच्याइतकी चांगली राखण नाही. उन्हाच्या बाबतीत मात्र ती सगळ्यांत वाईट आहे, कारण काळा रंग उन्हातला जवळजवळ सगळा भाग शोषतो आणि पातळ पत्रा तो लगेच आत देतो. बेळगावहून राजस्थानात बदली झालेल्या कुटुंबाची ट्रंक फलाटावर किंवा गाडीच्या टपावर तासभर राहिली तर आतल्या लॅपटॉपला बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसावी लागते. ट्रंक सोडू नये. वर पांढरी चादर किंवा चवाळे बांधावे आणि आत यंत्राभोवती घोंगडी असावी.

वेळेचा प्रश्न राहिला, आणि माझ्या मते तोच मुख्य. सकाळी नऊला हमाल येतात, गाडी भरायला एक-दीड वाजतो, जेवण होते, गाडी तीनला निघते. तोवर ती चार-पाच तास दारात उभ्याने तापलेली असते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रुंदीकरणाची कामे चालू असली की कोगनोळी, कागल, कोल्हापूर, कराड या पट्ट्यात पुन्हा रांगा. याउलट दुपारी चारनंतर भरायला घेतले तर रात्री आठच्या सुमाराला गाडी सुटते, रात्रीच्या गार हवेत निपाणी आणि कोल्हापूर ओलांडते आणि पहाटे पुण्यात असते. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्या सामान उतरवायला ठराविक वेळ देतात, लिफ्टची परवानगी आधी घ्यावी लागते, मोठ्या गाड्यांना दिवसा काही रस्त्यांवर बंदी असते. हे सगळे आदल्या दिवशी विचारून ठेवले तर सकाळी दहाच्या आत सामान घरात जाते. न विचारता गेलेली गाडी फाटकाबाहेर दुपार काढते, आणि रात्रभर मिळवलेले सगळे तिथे गमावते.

कुटुंब वेगळ्या मोटारीने जात असेल तर लॅपटॉप आणि हार्ड डिस्क त्या मोटारीत हवीत, एसीच्या हवेत, मागच्या सीटच्या पायाशी. मागच्या काचेखालच्या फळीवर नव्हेत, डिकीतही नव्हेत. इथे एक हमखास धोक्याचा थांबा आहे. बेळगावहून पुण्याकडे जाणारे कुटुंब कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला थांबणारच, आणि नव्या घरी जाताना तर नक्कीच. रांग, ओटी, प्रसाद, जेवण यात दोन-अडीच तास जातात, आणि मोटार उघड्या वाहनतळावर. वरच्या आकड्यांप्रमाणे पहिल्या अर्ध्या तासातच काम झालेले असते. दर्शन सोडायचे कारण नाही. ते पहाटे किंवा दिवस मावळल्यावर घ्यावे, नाहीतर बॅग खांद्याला लावून न्यावी. एसटीने किंवा कर्नाटकच्या बसने जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक बारकावा: गाडी उत्तरेला जाते, त्यामुळे दुपारनंतर डावी बाजू उन्हाची असते. उजवीकडची जागा धरावी, लॅपटॉप मांडीवर किंवा पायाशी ठेवावा, टपावर किंवा मागच्या डिकीत कधीही टाकू नये.

सगळी बिऱ्हाडे पुण्याला जात नाहीत. सरकारी नोकरीतली माणसे विजापूरमार्गे कलबुर्गीकडे, रायचूरकडे बदलून जातात. तिथला उन्हाळा एवढा कडक की कलबुर्गी विभागात आणि विजापूर-बागलकोट जिल्ह्यांत एप्रिल-मेमध्ये सरकारी कचेऱ्यांची वेळ सकाळी आठ ते दुपारी दीड केली जाते. रात्रही तिथे फारशी निवत नाही. या वाटेवर पहाटे बेळगाव सोडून सकाळी पोचणे अवघड, म्हणून रात्रीच निघावे आणि पोचल्यावर यंत्रे खालच्या मजल्यावर ठेवून मगच बाकीचे उतरवावे. वरच्या मजल्याच्या तापलेल्या स्लॅबखाली पहिल्याच संध्याकाळी टीव्ही लावू नये.

गोव्याची वाट मात्र पूर्ण वेगळी आहे, आणि इथे रात्रीच्या प्रवासाचा नियम स्वतःच एक अडचण निर्माण करतो. मेमध्ये बेळगावात पहाटे वीस-एकवीस अंश असतात. रात्रभर गाडीत राहिलेले सामान त्याच तापमानाला येते. चोर्ला घाट उतरून ही गाडी सकाळी गोव्यात पोचते तेव्हा तिथली हवा इतकी दमट असते की पंचवीस अंशांपेक्षा गार कोणत्याही पृष्ठभागावर तिच्यातले पाणी धरू लागते. टीव्हीच्या पाटीवर, लॅपटॉपच्या आत, इन्व्हर्टरच्या जोडांवर दव बसते, आणि कौतुकाने लगेच बटण दाबले तर वीज आणि पाणी एकत्र येतात. उपाय संग्रहालयवाले करतात तोच: प्लास्टिकचे आवरण लगेच सोडायचे नाही. ते बंद ठेवून खोके घरात चार-सहा तास राहू द्यायचे. दव धरलेच तर प्लास्टिकच्या बाहेर धरते, आत नाही. लोक नेमके उलट समजतात; त्यांना वाटते तापलेली वस्तू एसीच्या खोलीत आणली की पाणी सुटते. गरम वस्तू गार खोलीत कोरडीच राहते. गार वस्तू दमट हवेत ओली होते.

सीमाभागातल्या घरांत आणखी एक ठेवा असतो, त्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी, कीर्तनाच्या आणि संमेलनातल्या भाषणांच्या ध्वनिफिती, गाण्यांच्या तबकड्या. सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या मुलुखातल्या घरांत गाणे जपून ठेवलेले असते, यात नवल नाही. चुंबकी फितीला उष्णता लागली की एका वेटोळ्यातला आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटण्याचे प्रमाण वाढते. मग शब्द येण्याआधीच त्याचा पुसट प्रतिध्वनी ऐकू येतो. तबकड्या आडव्या, एकावर एक रचून नेल्या तर खालच्या कायमच्या वाकतात. त्या उभ्या, एकमेकींना दाबून, खोक्यात घट्ट बसवाव्यात. आणि हे सगळे टेम्पोत नव्हे, माणसांबरोबर न्यावे.

हार्ड डिस्कचेही तसेच. कित्येक घरांनी जुने सातबारे, शाळेचे मराठी दाखले, रहिवासाचे कागद, आजोबांच्या काळचा पत्रव्यवहार असे सगळे स्कॅन करून ठेवले आहे. महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे आणि ज्यासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे, तिथल्या माणसाला असे कागद कधी लागतील सांगता येत नाही. एसएसडी प्रकारची डिस्क विजेविना गरम जागी फार काळ पडली तर तिच्यातली माहिती हळूहळू विरते. जेडेक संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने आयुष्य संपत आलेले असतानाही ३० अंशांवर वर्षभर माहिती राखली पाहिजे. तापमान वाढेल तशी ही मुदत घटत जाते. त्यामुळे निघण्याआधी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून बेळगावातच भावाकडे किंवा मावशीकडे ठेवावी आणि एक आपल्या हातात न्यावी. दोन्ही प्रती एकाच गाडीत कधीही घालू नयेत.

पोचल्यावरची घाई हा शेवटचा धोका. मुलांना टीव्ही हवा असतो, मोठ्यांना वायफाय. हात लावून पाहावे: वस्तूचा मागचा भाग खोलीतल्या भिंतीइतका निवला असेल तर लावायला हरकत नाही. मोठ्या पडद्याला तीन-चार तास लागतात, गोधडीतल्या वस्तूला त्याहून जास्त. स्वस्तात मिळणारा, कमाल तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल तापमापक टीव्हीच्या खोक्यात टाकून ठेवला तर अंदाजाची गरजच उरत नाही. आकडा ४५ च्या खाली असेल तर निर्धास्त व्हावे. साठीच्या वर असेल तर त्या दिवशी काहीही लावू नये, आणि लॅपटॉप-फोनची पाठ फुगली आहे का ते आठवडाभर पाहत राहावे.

गाडीवाल्याशी बोलताना आपण आधी भाड्याची घासाघीस करतो. ती नंतर करा. आधी निघण्याची वेळ पक्की करा, ताडपत्रीचा रंग विचारा, मधली जागा राखून भरायला त्याचे हमाल तयार आहेत का ते विचारा. रात्री आठला निघणारी गाडी दुपारच्या गाडीपेक्षा हजार रुपयांनी महाग पडत असेल, तरी ती घ्यावी.